साखर नॉर्मल, तरी तहान भागेना : बहुमूत्रमेहाची ओळख



सारखी तहान आणि सारखी लघवी म्हटली की आपल्या घरांत पहिला शब्द निघतो तो ‘साखर’. ते बरोबरच आहे. अशा तक्रारीत पहिली तपासणी रक्तातील साखरेचीच व्हायला हवी. पण साखर नॉर्मल आली आणि तरीही माणूस रात्रीत चार-पाच वेळा उठून तांब्याभर पाणी पीत असेल, तर? बहुतेक वेळा ‘उष्णता झाली असेल’, ‘सवय लागली आहे’ म्हणून विषय मिटतो. क्वचित मात्र यामागे बहुमूत्रमेह, म्हणजेच डायबेटिस इन्सिपिडस असतो. हा आजार दुर्मीळ आहे. साधारण 25,000 माणसांत एकाला तो होतो. सदलगा, निपाणी, चिकोडी भागातील आणि बाहेरगावी स्थायिक झालेल्या आपल्या सर्व कुटुंबांना त्याची माहिती असावी, म्हणून हा लेख देत आहोत.

नावाचा घोटाळा

दोन्ही आजारांच्या नावात ‘डायबेटिस’ आहे, कारण त्या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘वाहून जाणे’ असा आहे. मधुमेहात लघवी गोड असते. बहुमूत्रमेहात ती पाण्यासारखी, बेचव असते. ‘इन्सिपिडस’चा अर्थ तोच. दोघांचा एकमेकांशी दुसरा काही संबंध नाही. इन्सुलिन, गोड बंद, भात कमी यातले काहीही इथे उपयोगी पडत नाही. या नावामुळे रुग्णालयांतही गोंधळ होतो, म्हणून 2022 साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने नवी नावे सुचवली : आर्जिनिन व्हॅसोप्रेसिन डेफिशियन्सी आणि आर्जिनिन व्हॅसोप्रेसिन रेझिस्टन्स. रिपोर्टवर यापैकी कोणतेही नाव दिसले तरी आजार हाच.

शरीरात काय बिघडते?

आपली मूत्रपिंडे दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात, म्हणजे 15 लिटरच्या बारा घागरी. त्यातला बहुतेक सगळा भाग परत रक्तात घेतला जातो आणि दीड-दोन लिटर लघवी उरते. शेवटच्या टप्प्यात किती पाणी परत घ्यायचे, हे व्हॅसोप्रेसिन नावाचे संप्रेरक ठरवते. ते मेंदूतील हायपोथॅलॅमसमध्ये तयार होते आणि पिट्युटरी ग्रंथीतून रक्तात सोडले जाते.

उसाला पाणी पाजताना दारे धरणारा माणूस लागतो. तो नसेल तर पाणी सरीत न जाता थेट ओढ्याला जाते. व्हॅसोप्रेसिन कमी पडले की शरीरात हेच होते. दुसऱ्या प्रकारात माणूस जागेवर असतो, पण दारच उघडत नाही. म्हणजे संप्रेरक पुरेसे असते, मूत्रपिंड त्याला दाद देत नाही. दोन्हींत परिणाम एकच. मोठ्या माणसाला दिवसात तीन लिटरहून जास्त, कधी दहा-पंधरा लिटरपर्यंत लघवी होते. ती भरून काढायलाच तहान लागते.

कारणे

पहिला प्रकार मेंदूच्या गाठीमुळे, पिट्युटरीच्या शस्त्रक्रियेनंतर, मोटारसायकलच्या अपघातात डोक्याला मार बसल्यावर किंवा मेंदूच्या क्षयरोगानंतर होऊ शकतो. कधी कारण सापडत नाही. दुसरा प्रकार मानसिक आजारावरील लिथियम दीर्घकाळ घेतल्याने, रक्तातील कॅल्शियम फार वाढल्याने किंवा जन्मतः होतो. जन्मतः असलेला दोष बहुतेक वेळा आईकडून मुलाकडे येतो. अंगावरचे बाळ वजन धरत नसेल, वारंवार ताप, उलट्या, बद्धकोष्ठता असेल आणि लंगोट सतत चिंब होत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना हे जरूर सांगावे.

तपासणी आणि उपचार

आधी एक साधे काम घरी करा : 24 तासांची सगळी लघवी मापाच्या भांड्यात मोजा आणि प्यालेल्या पाण्याची नोंद ठेवा. ती वही घेऊन संप्रेरकतज्ज्ञांकडे जा. पुढे रक्तातील सोडियम, रक्त व लघवीची घनता आणि गरजेनुसार मेंदूचा एमआरआय करतात. पाणी बंद ठेवून करायची एक तपासणी असते. ती रुग्णालयातच, डॉक्टरांच्या नजरेखाली होते. ‘बघू या पाणी न पिता काय होते’ असा प्रयोग घरी कधीही करू नये.

संप्रेरक कमी असल्यास डेस्मोप्रेसिन हे औषध गोळी किंवा नाकातील फवाऱ्याच्या रूपात मिळते. योग्य मात्रा बसली की माणूस रात्रभर झोपतो, शाळा-शेती-नोकरी सगळे करतो. मात्र औषध घेऊन वर गरजेपेक्षा जास्त पाणी पिणे धोक्याचे आहे. सोडियम घसरून डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेपण, झटके येऊ शकतात. अशा रुग्णाला तहान नसताना चहा-सरबताचा आग्रह करू नये. दुसऱ्या प्रकारात कमी मीठ आणि थायाझाइड गटातील गोळ्या उपयोगी पडतात.

पाणी अडवू नका

आपल्याकडे पाण्याचा संयम हा गुण मानतात. पर्युषणातील निर्जल उपवास, सूर्यास्तानंतर पाणीही न घेण्याचा नियम, हरतालिका, रोजे यांविषयी आम्हाला आदरच आहे. परंतु या रुग्णाचे शरीर पाणी धरून ठेवू शकत नाही. काही तास पाणी न मिळाल्यास सोडियम चढून जिवावर बेतू शकते. त्याने रात्री पाणी घेतले म्हणून घरातल्या कोणी बोल लावू नये. व्रताबद्दल आधी डॉक्टरांशी आणि मग आपल्या गुरुजनांशी बोलावे. शाळेतही बाईंना सांगून मुलाला बाटली व लघवीची मोकळीक मिळवून द्यावी.

रुग्णालयातही सावध राहा. 2009 साली लंडनमध्ये खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेला 22 वर्षांचा एक तरुण याच आजारात पाण्याअभावी दगावला. आवश्यक औषध त्याला वेळेवर मिळाले नव्हते. तहानेने व्याकूळ होऊन त्याने पोलिसांना फोन केला होता.

आपला रुग्ण आज चिकोडीला, उद्या बेळगावला, परवा कोल्हापूर-मिरजेला जातो. म्हणून खिशात एक कार्ड ठेवा, मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्ही भाषांत :

“मला डायबेटिस इन्सिपिडस आहे. हा साखरेचा आजार नाही. माझे पाणी आणि डेस्मोप्रेसिन बंद करू नका. मी बेशुद्ध असेन किंवा उलट्या होत असतील, तर ताबडतोब रक्तातील सोडियम तपासा आणि माझ्या डॉक्टरांना फोन करा.”

दुसऱ्या प्रकारच्या रुग्णाने डेस्मोप्रेसिनऐवजी आपल्या औषधाचे नाव लिहावे. घरात असा रुग्ण असेल तर आजच हे कार्ड तयार करा, आणि घरातल्या प्रत्येकाला ते एकदा वाचून दाखवा.