धूळ पकडणारी वीज

केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो, हा प्रयोग आपण वर्गात दरवर्षी करतो. तेथे कंगवा प्रभारित असतो, कपटे नसतात. आता धुळीच्या कणालाच प्रभार दिला तर? घरातील हवा स्वच्छ करणारे एक उपकरण नेमके याच कल्पनेवर चालते.

अमेरिका व कॅनडातील थंड प्रदेशांत अनेक घरांना तळघरातील भट्टी ऊब देते. पंखा खोल्यांतील हवा परतीच्या नळातून ओढतो, ती तापवतो आणि पुन्हा खोल्यांत सोडतो. दारे-खिडक्या बंद, म्हणून तीच हवा हिवाळाभर फिरत राहते. भट्टीची साधी जाळी धागे आणि केस अडवते. धुराचे मायक्रॉनहून बारीक कण तिच्यातून सहज निसटतात.

हे कण पकडणारी पेटी परतीच्या नळात, भट्टीच्या अलीकडे बसवतात. तिच्या तोंडाशी बारीक तारा असतात आणि त्यांवर काही हजार व्होल्टचा धन विद्युतदाब असतो. तारेलगत हवेचे आयन तयार होतात आणि कणांना चिकटून त्यांना प्रभारित करतात. मागे समांतर पट्ट्यांची रांग असते. पट्ट्यांमधील विद्युत क्षेत्र हे कण बाजूला ओढून पट्टीवर बसवते. पेटी उलटी बसवली तर? पट्ट्यांतून कण प्रभाराविनाच निसटतील, नंतर प्रभारित होतील आणि नळांच्या व घराच्या भिंतींना चिकटतील! पेटीवरचा बाण म्हणूनच महत्त्वाचा.

कारखान्यांसाठी ही युक्ती फ्रेडरिक कॉट्रेल यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात यशस्वी केली. आपल्या औष्णिक वीजकेंद्रांच्या धुराड्यांतील राख आज अशीच पकडतात. मात्र तेथे तारांवर ऋण दाब असतो. त्यात ओझोन अधिक तयार होतो, म्हणून घरासाठी धन दाब वापरतात. तरीही थोडा ओझोन होतोच, आणि तो फुप्फुसांना अपायकारक आहे. त्यामुळे पेटीची जोडणी पंख्याशी अशी करतात की पंखा थांबला की तारांचा दाबही जावा. माझ्या मते बसवणाऱ्याने सर्वांत आधी हीच जोडणी तपासावी.

हवेचा वेगही पाहावा लागतो. डॉइच यांच्या १९२२ च्या सूत्रानुसार, ठरावीक प्रवाहात १०० पैकी १० कण निसटत असतील, तर प्रवाह दुप्पट केल्यावर ०.१ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ३२ निसटतात. अकरावीच्या विद्यार्थ्यांना घातांकी फलनाचे हे उदाहरण जरूर द्यावे. मोठ्या पंख्यापुढे लहान पेटी बसवणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

हवेत ओलावा सोडणारे यंत्र असल्यास ते पेटीच्या पुढे, भट्टीनंतर ठेवतात. ओल्या पट्ट्यांवर ठिणग्या उडतात. धुळीचा थर साचला तरी तडतड ऐकू येते. तेव्हा वीज तोडून, प्रभार उतरेपर्यंत थोडे थांबून पट्ट्या बाहेर काढाव्यात, धुवाव्यात आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवाव्यात.