एक इंजिन, अनेक गाड्या

यंत्र-आराखडा हा विषय आपल्याकडे बहुधा हस्तपुस्तिका उघडी ठेवून शिकवला जातो. भार दिलेला, धातू दिलेला. दांड्याचा व्यास तेवढा काढायचा. वास्तविक भार किती येईल हे ठरवणे हाच अवघड भाग, आणि तो प्रश्नपत्रिका काढणाराच उरकून टाकतो!

ही उणीव काहीशी भरून काढते ती 'बाहा' स्पर्धा. ती १९७६ साली अमेरिकेत साउथ कॅरोलिना विद्यापीठात सुरू झाली. भारतात २००७ साली इंदूरजवळच्या पीथमपूरला. खडबडीत वाटेवर धावणारी एकट्या चालकाची गाडी विद्यार्थ्यांनी आखून बांधायची. पेट्रोल गाड्यांच्या गटात इंजिन सर्वांना सारखे, साधारण दहा अश्वशक्तीचे, आणि त्यात फेरफार करायला मनाई.

समजा, चालकासह गाडी २५० किलोग्रॅमची आहे आणि ३० अंशांचा चढ चढायचा आहे. लागणारे बल २५० × ९.८ × ०.५, म्हणजे १२२५ न्यूटन. दहा अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६० वॅट; चौथा हिस्सा घर्षणात गेला तर चाकांशी ५६०० उरतात. शक्तीला बलाने भागले की वेग मिळतो: सेकंदाला साधारण साडेचार मीटर, ताशी सोळा किलोमीटर. पण याच गिअर-गुणोत्तरावर गाडी सपाटीवरही फारशी वेगाने धावणार नाही, कारण इंजिनाच्या फेऱ्यांना मर्यादा असते. गुणोत्तर कमी केले तर चढावर दम तुटतो. ते बदलणारी यंत्रणा घालावी, तर वजन वाढते आणि १२२५ हा आकडाच हलतो. मग पुन्हा पहिल्यापासून.

कोल्हापूरच्या विद्यार्थ्यांना एक सोय आहे. शिवाजी उद्यमनगरात ओतकाम, लेथकाम, वेल्डिंग हाकेच्या अंतरावर होते. कागदावरचा नळीचा वाक प्रत्यक्षात जमेल का, हे तिथला मिस्त्री चटकन सांगतो. मात्र सगळे काम त्याच्यावरच सोपवले, तर मुलांच्या वाट्याला रंग देणेच उरते! परीक्षक विचारतात, "हा दांडा एवढा जाड का?" "बाजारात असाच मिळाला," हे उत्तर प्रामाणिक असले तरी गुण देणारे नाही. शेवटी चार तासांची दमछाकीची शर्यत असते. तिथे कच्चा सांधा लपत नाही.

खर्च मोठा, आणि संघात आकडेमोड करणारे चार-पाचच, हा दोष खराच. म्हणून तुटलेला भाग वर्गात आणावा. तडा कुठून सुरू झाला, भार किती धरला होता, हे सर्वांनी मिळून तपासावे. शाळेत इंजिनाऐवजी प्रत्येक गटाला एकसारखा रबरबँड द्यावा, पुठ्ठ्याची गाडी करायला सांगावी, आणि एकच फळी आधी आडवी, मग तिरकी ठेवावी.