सोमवारचा ताप

आमच्या मामांना सोमवारी संध्याकाळी ताप येई. बुधवारी नाही, गुरुवारी नाही, सोमवारी! मामा नाशिकला पितळेच्या ओतकामावर होते आणि रविवारी त्यांना सुट्टी असे. आता सुट्टीच्या दुसऱ्याच दिवशी ज्याला ताप भरतो, त्याच्याविषयी घरच्यांनी काय समजावे? मामी काडेचिराईताचा काढा पुढे करीत आणि म्हणत, "घ्या, कंटाळ्यावर चांगला असतो!" मामा निमूटपणे पेला रिकामा करीत. रात्रभर हुडहुडी, अंगदुखी, तोंडाला तांब्याचा पैसा चोखल्यासारखी चव. आणि मंगळवारी ताप साफ उतरलेला! त्यामुळे तर संशय अधिकच पक्का होई. मालकाने त्यांना सर्वांदेखत 'सोमवारचे पाहुणे' म्हटले होते. सुट्टीत आम्ही भाचेमंडळीही त्यावरून हसत असू. त्या हसणाऱ्यांत मी पुढे होतो, हे आधीच कबूल करतो.

मी मराठीचा प्राध्यापक. रसायनशास्त्राशी माझी सोयरीक शाळेतच तुटली. पण गेल्या वर्षी कॉलेजात चहा घेताना रसायनाच्या एका सहकाऱ्यांना मी ही गंमत सांगितली, तर ते हसले नाहीत. "अहो, तुमच्या मामांना जस्त बाधत होतं," ते म्हणाले. मग मी पुस्तके आणून वाचू लागलो.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. तांबे वितळायला १,०८५ अंश सेल्सिअस उष्णता लागते; जस्त मात्र ९०७ अंशांनाच उकळू लागते. मुशीतला रस ओतताना जस्ताची वाफ उठते, हवेतल्या ऑक्सिजनशी तिचा संयोग होतो आणि पिंजलेल्या कापसासारखा पांढरा धूर पसरतो. हा धूर म्हणजे जस्ताच्या ऑक्साइडचे कण. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग करा. त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. माणसाचा केस ऐंशी हजार नॅनोमीटरच्या आसपास जाड असतो, आणि या धुरातले कितीतरी कण शंभर नॅनोमीटरहूनही लहान. तोंडाला बांधलेल्या रुमालाची ते काय पर्वा करणार? ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन पोहोचतात.

तिथे पहारेकरी असतात. या पेशींची ओळख इल्या मेच्निकॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने जगाला करून दिली. १८८२ साली तो सिसिलीतल्या मेसिना गावी राहत होता. घरची मंडळी सर्कशीतली माकडे पाहायला गेलेली, आणि हा गृहस्थ सूक्ष्मदर्शकाशी एकटा. तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात त्याने गुलाबाचा काटा टोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी पाहतो तो काट्याभोवती पेशींचा गराडा! १९०८ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. भक्षक पेशी त्या ह्याच. बाहेरून आलेले काहीही दिसले की त्या गिळतात.

मामांच्या फुप्फुसातही त्यांनी जस्ताचे कण गिळले असणार. पण पेशीच्या पोटातल्या आम्लात हा कण विरघळतो आणि त्यातून जस्ताचे आयन एकदम सुटतात. थोडे जस्त शरीराला हवेच असते. एवढे मात्र पेशीला झेपत नाही. ती हाकाटी करते. ही हाक रासायनिक असते. १९९१ ते १९९३ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत डॉ. पॉल ब्लांक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे वेल्डिंग करणाऱ्यांची फुप्फुसे खारट पाण्याने धुऊन ते पाणी तपासले. आधी 'टीएनएफ' नावाचे दाहाचे द्रव्य वाढलेले आढळले, मागाहून 'इंटरल्युकिन-सहा' आणि 'आठ', आणि त्यांच्यामागून पांढऱ्या पेशींची फौज. हीच द्रव्ये रक्तातून मेंदूला निरोप पोहोचवतात: ताप चढवा! या साऱ्याला काही तास लागतात. सकाळची भट्टी, संध्याकाळची हुडहुडी. हिशेब जुळला.

मग मंगळवारी का नाही? पुन्हापुन्हा धूर घेतला की शरीराला त्याची सवय होते. जस्त वाढले की पेशी मेटॅलोथायोनिन नावाचे प्रथिन अधिक तयार करते आणि ते सुट्या जस्ताला धरून ठेवते. सवयीमागे याचाही हात असावा असे मानतात. रविवारी धूर नाही, की सवय ओसरते. सोमवारी पुन्हा पहिल्यापासून! १८६२ मध्येच एडवर्ड ग्रीनहाऊ या इंग्रज डॉक्टराने पितळ-ओताऱ्यांच्या या हिवतापावर निबंध लिहिला होता. तो नाशिकपर्यंत पोहोचला नाही, त्याला कोण काय करणार?

हा ताप एकदोन दिवसांत जातो खरा. पण कॅडमियमच्या धुराची बाधा सुरुवातीला अशीच दिसते आणि पुढे फुप्फुसे भरून माणूस दगावू शकतो. दागिन्यांवरचे 'केडीएम' आपण ऐकतो ना? ते कॅडमियमच. त्या डागकामाचा धूर कारागिरांना बाधतो, म्हणूनच ते मागे पडले.

आणि सोने? त्याची तऱ्हा उलटी. फ्रान्समध्ये डॉ. जाक फोरेस्तिये यांनी १९२९ मध्ये संधिवातावर सोन्याच्या क्षारांची इंजेक्शने देण्याचा पुरस्कार केला आणि पुढे कित्येक दशके ती चालली. डेन्मार्कमधल्या संशोधकांना असे दिसले, की सोन्याचा धातू भक्षक पेशींच्या सहवासात ठेवला तर त्या त्यातूनही किंचित आयन सोडवून घेतात. आणि उंदरांच्या जखमी मेंदूत ठेवलेल्या सोन्याच्या कणांनी दाह कमी झाला. पेशी त्याच, एका धातूने पेटतात, दुसऱ्याने निवतात. अर्थात कणाचा आकार, त्यावरचा लेप आणि मात्रा बदलली की परिणामही बदलतो. तेव्हा हे वाचून कुणी सोनाराकडून वर्ख आणून खाऊ नये.

दिवाळीत नाशिकला गेलो तेव्हा हे सारे मामांना सांगितले. ऐंशी वर्षांचे मामा शांतपणे ऐकत होते. मामी चकली तळायची थांबून दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"मला तरी कुठं ठाऊक होतं?" मामा म्हणाले. "मला वाटायचं, मी आळशीच आहे."

मामी काही न बोलता आत गेल्या. थोड्या वेळाने चहा आला. मामांना डॉक्टरांनी साखर बंद केली आहे. पण त्या दिवशी त्यांच्या कपात ती होती.