नियम, निर्णय आणि यंत्र : मराठी लेखनव्यवस्थेविषयी काही परखड विचार

मराठीच्या अध्यापकांत 'शुद्धलेखन' हा विषय निघाला की चर्चा बहुधा दोन टोकांना जाते. एका टोकाला 'भाषा बिघडली' अशी हळहळ असते, तर दुसऱ्या टोकाला 'अर्थ कळला म्हणजे झाले' अशी बेफिकिरी असते. या दोन्ही भूमिका प्रश्नाला बगल देणाऱ्या आहेत. लिहिणाऱ्याच्या हाती आता लेखणीपेक्षा कळफलक अधिक वेळ असतो. लेखनाची पहिली तपासणी पुष्कळदा शिक्षकाच्या आधी यंत्र करते. अशा वेळी लेखनाचे नियम, शासनाचे निर्णय आणि यंत्राची घडण यांचा परस्परसंबंध तपासणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात हा संबंध स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

१. व्याकरण, लेखननियम आणि लिपी

प्रारंभीच एक भेद नोंदवला पाहिजे. 'मी आंबा खाल्ली' हे वाक्य व्याकरणदृष्ट्या सदोष आहे, कारण कर्म आणि क्रियापद यांचा लिंगमेळ त्यात बिघडला आहे. 'मुलानां' असे कोणी लिहिले तर तो लेखननियमाचा भंग होय. व्याकरणाला तेथे बाध येत नाही. 'दऱ्या' लिहावयाचे असता छपाईत 'दर्या' उमटले, तर दोष लिपीच्या यांत्रिक व्यवस्थेतही असू शकतो. आपल्या उत्तरपत्रिकांत मात्र या तिन्ही गोष्टींना 'अशुद्ध' हा एकच शेरा मिळतो. व्याकरण भाषकाच्या बोलण्यातच अंतर्भूत असते आणि ते त्याला शाळेत जाण्यापूर्वीच अवगत झालेले असते. लेखननियम हा समाजाने सोयीसाठी केलेला संकेत आहे. संकेताचा भंग म्हणजे भाषेचे अज्ञान नव्हे. ही गोष्ट दादोबा पांडुरंग यांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पर्यंतची परंपरा अभ्यासणाऱ्यांना तरी वेगळी सांगावी लागू नये.

ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न या दृष्टीने बोलका आहे. मोडी लिपीत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद सामान्यतः पाळला जात नसे. तरीही शतकानुशतके दप्तरे लिहिली गेली, हिशेब चुकते झाले, करारमदार पाळले गेले. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये देवनागरीत छापले गेले, तर त्यांचा शब्दकोश १८१० मध्ये मोडी टाइपात. पुढे मुद्रणाने आणि शालेय शिक्षणाने बालबोध लिपीचा अंगीकार केला आणि प्रत्येक इकारापाशी ऱ्हस्व की दीर्घ हा निर्णय करणे अपरिहार्य झाले. तेव्हा ज्याला आपण भाषेच्या शुद्धतेचा प्रश्न समजतो, त्याचा बराच भाग लिपीच्या आणि मुद्रणतंत्राच्या निवडीतून उद्भवलेला आहे.

२. नियम आणि त्यातील गाठ

मराठी साहित्य महामंडळाने सुचवलेले लेखनविषयक चौदा नियम १९६२ मध्ये शासनाने स्वीकारले व १९७२ मध्ये त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. या नियमांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. 'तें', 'केलें', 'घरीं' यांसारख्या रूपांवरील अनुच्चारित अनुस्वार त्यांनी काढून टाकले आणि कित्येक पिढ्यांचे ओझे हलके केले. सुटे तत्सम शब्द दीर्घान्त लिहावेत, म्हणजे 'कवि', 'बुद्धि' यांऐवजी 'कवी', 'बुद्धी' असे लिहावे, हा नियम तर मराठीच्या उच्चारप्रकृतीला धरून आहे. मराठीत अन्त्य इकार-उकार दीर्घ उच्चारले जातात, हे त्यामागील तत्त्व.

अडचण येते ती हे तत्त्व अर्ध्यावर सोडल्यामुळे. सामान्यरूपाचा नियम पाहावा. 'वकील' या शब्दाचे 'वकिलाला' होते, 'फूल'चे 'फुलाला', 'गरीब'चे 'गरिबाला'. शब्दाच्या शेवटी प्रत्ययामुळे अक्षरांची भर पडली की उपान्त्य दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो, ही मराठीची चाल आहे. परंतु शब्द तत्सम असेल तर ही चाल लागू करावयाची नाही. म्हणून 'शरीर'चे 'शरीरात' आणि 'गीत'चे 'गीतात'. आता 'पीठ' हा शब्द घ्या. गव्हाचे पीठ मराठी, म्हणून 'पिठात'. विद्येचे पीठ संस्कृत, म्हणून 'विद्यापीठात'. सहज बोलण्यात या दोहोंतील इकाराचा फरक सहसा ऐकू येत नाही. तो कानाने ठरत नाही, अर्थानेही थेट ठरत नाही. तो ठरतो शब्दाच्या कुळावरून.

समासाचा नियम याहून अवघड आहे. 'कवी', 'प्राणी', 'लक्ष्मी' आणि 'पाणी' हे चारही शब्द सुटे असताना दीर्घ ईकारान्तच लिहिले जातात. समासात पूर्वपद म्हणून आले की मात्र 'कविसंमेलन', 'प्राणिसंग्रह', 'लक्ष्मीपुत्र' आणि 'पाणीपुरवठा' अशी त्यांची वाटणी होते. पहिला शब्द संस्कृतात ऱ्हस्व इकारान्त, दुसरा इन्नन्त, तिसरा मुळातच दीर्घ ईकारान्त आणि चौथा तद्भव. ही चौकट ज्याला ठाऊक नाही त्याने काय करावे? पाठांतर करावे, एवढेच उत्तर आपण देत आलो आहोत. मराठी लिहिण्यासाठी संस्कृतच्या प्रातिपदिकांचे ज्ञान ही पूर्वअट आहे, असे कोणत्याही नियमात म्हटलेले नाही. व्यवहारात मात्र तीच पूर्वअट आहे. ज्या घरात संस्कृतचा संस्कार नाही त्या घरातील विद्यार्थ्याचे गुण या अटीपायी जातात, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

३. यंत्रापुढील पेच

विद्यार्थ्याची ही अडचण यंत्रापुढे अधिक नेमकी होते. यंत्राला 'पीठ' म्हणजे प, दीर्घ ईकार आणि ठ एवढेच कळते. शब्दाच्या कुळाची नोंद कोणी कोशात करून ठेवली असेल तरच ते तत्समाचा नियम चालवू शकते. 'पिठात' आणि 'पीठात' ही दोन्ही रूपे संग्रहात ठेवावीत, तर 'गव्हाच्या पीठात' ही चूक त्याला सापडत नाही. एकच ठेवावे, तर दुसरे बरोबर असूनही त्याखाली तांबडी रेघ उमटते. शिवाय मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहिली जातात, त्यामुळे एकेका नामाची असंख्य रूपे होतात. इंग्रजीप्रमाणे नुसती शब्दांची यादी देऊन येथे भागत नाही. रूपसिद्धीचे नियम आणि प्रत्येक शब्दाची व्याकरणिक नोंद या दोहोंची गरज असते.

मोठ्या लेखनसंग्रहावरून शिकणारी अलीकडची यंत्रे हा पेच वेगळ्या रीतीने सोडवतात. जे रूप अधिक वेळा आढळते ते अधिक संभाव्य, असे त्यांचे गणित असते. म्हणजे महामंडळाच्या नियमाची जागा न कळत बहुसंख्येचा नियम घेतो. तो इष्ट की अनिष्ट हा वेगळा वाद आहे, पण हा बदल कोणत्याही समितीने चर्चा करून केलेला नाही, एवढे तरी ध्यानी घ्यावयास हवे.

लिपीच्या पातळीवरही असेच घडते. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांतील फरक मराठी वाचकाला कळतो. पहिल्यात गुरू आहे, दुसऱ्यात स्वयंपाकी. हा भेद दाखवणारा अर्धा र हिंदी लेखनाला लागत नाही, मराठीला मात्र तो पदोपदी लागतो. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली. तिच्यातील देवनागरी विभागाची मांडणी भारतीय प्रमाणक असलेल्या इस्की संकेतावर आधारलेली आहे. तीत हा र दोन मार्गांनी लिहिता येतो. एका मार्गात नुक्तायुक्त ऱ वापरला जातो, दुसऱ्यात साध्या र ला हलन्त करून त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवले जाते. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला ते दोन भिन्न शब्द वाटतात. परिणामी एका पद्धतीने टंकलेला 'वाऱ्यावर' दुसऱ्या पद्धतीने शोधला असता सापडेलच असे नाही. शब्दसूची वा वारंवारिता यांवर संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याने ही बाब आरंभीच तपासली नाही, तर त्याचे आकडेच चुकतील.

'ॲ' या स्वराची कथा अशीच आहे. तो युनिकोडमध्ये स्वतंत्र वर्ण म्हणून २००८ च्या ५.१ या आवृत्तीत आला. तोपर्यंत कोणी अ वर चंद्र देऊन, तर कोणी हिंदीच्या वळणाने ए वर चंद्र देऊन काम भागवीत असे. या तिन्ही रूपांतील मजकूर आज एकाच वेळी अस्तित्वात आहे.

४. शासननिर्णयाची मर्यादा

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. भाषा संचालनालयाची स्थापना १९६० ची. 'पदनाम कोश' १९६२ मध्ये व 'शासन व्यवहार कोश' १९७३ मध्ये निघाला. १९९२ मध्ये राज्य मराठी विकास संस्था अस्तित्वात आली. लिपी व वर्णमाला यांविषयीचा शासननिर्णय ६ नोव्हेंबर २००९ रोजी निघाला आणि १० नोव्हेंबर २०२२ रोजी तो अद्ययावत करण्यात आला. २०२० च्या अधिनियमाने शाळांत मराठीचे अध्यापन सक्तीचे झाले. २०२४ मध्ये राज्याचे मराठी भाषा धोरण मंजूर झाले व त्याच वर्षी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला.

तथापि आदेश काढणे आणि व्यवस्था उभी करणे यांत अंतर आहे. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठीची वळणे होत. परंतु युनिकोडमध्ये ल चा संकेत एकच आहे. तो मराठी वळणाने दिसावा की हिंदी वळणाने, हे फॉन्ट ठरवतो. लिहिणाऱ्या कारकुनाच्या किंवा विद्यार्थ्याच्या हाती त्यात फारसे काही नसते. तेव्हा असा निर्णय अमलात यावयाचा तर तो फॉन्ट घडवणाऱ्यांपर्यंत पोहोचला पाहिजे. नुसत्या परिपत्रकाने अक्षराचे वळण बदलत नाही.

तंत्राच्या सोयीसाठी लिपीच वाकवण्याचा मार्गही आपण पाहिला आहे. १९५३ च्या लखनौ परिषदेत ऱ्हस्व इकाराची वेलांटी अक्षराच्या उजवीकडे देण्याचे ठरले होते. लोकांच्या हाताला आणि डोळ्याला ते रुचले नाही व तो बदल मागे घ्यावा लागला. सावरकरांनी पुरस्कारलेली अ ची बाराखडीही काही नियतकालिकांपलीकडे रुजली नाही. टंकयंत्राच्या मर्यादा हे त्या काळी सुधारणेचे एक मोठे कारण होते. आज संगणकाला डावीकडील वेलांटीची अडचण नाही. यंत्राच्या तात्कालिक मर्यादेला लिपीचा दोष समजणे किती घाईचे असते, हे यावरून दिसते.

५. काय करावे?

प्रस्तुत लेखकाचे मत असे की, सामान्यरूप आणि समास यांतील तत्समांचे अपवाद रद्द करावेत. अन्त्य स्वराच्या बाबतीत जे धैर्य १९६२ मध्ये दाखवले गेले तेच येथे दाखवावे. मग 'विद्यापिठात' आणि 'कवीसंमेलन' ही रूपे प्रमाण ठरतील. ती आज डोळ्यांना खुपतात हे खरे. पण 'कवी' आणि 'बुद्धी' हीदेखील एके काळी खुपतच होती. यावर दोन आक्षेप संभवतात. एक, संस्कृतशी आणि इतर भारतीय भाषांशी असलेली लेखनाची समानता भंगेल. ती 'कवी' लिहिताना आपण सोडलेलीच आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आजवरचे ग्रंथ जुन्या रूपांत आहेत. नव्या पिढीला ते परके वाटतील आणि शोधयंत्रांना दोन्ही रूपे सांभाळावी लागतील. हा आक्षेप मान्य करूनच पुढे जावे लागेल. म्हणून आधी साधन आणि मग सुधारणा असा क्रम हवा.

हे साधन म्हणजे शब्दाचे कुळ, लिंग, सामान्यरूप आणि समासातील रूप नोंदवणारा, कोणालाही विनामूल्य वापरता येईल असा यंत्रवाच्य कोश. नियम बदलले तर या कोशाच्या आधारे जुना मजकूर नव्याशी जोडता येईल. नियम बदलले नाहीत तरी ज्याच्या आधारे आपण विद्यार्थ्याचे गुण कापतो ती माहिती निदान त्याला उपलब्ध होईल. नियम शासनाचा आणि तो पाळण्याचे साधन मात्र ज्याने त्याने विकत घ्यावे, ही स्थिती न्याय्य नाही. विद्यापीठांतील मराठी विभागांनी या कामात मागे राहू नये. एकेका प्रबंधाने एकेका शब्दवर्गाची रूपावली सिद्ध केली तरी पुष्कळ काम होईल.

तोवर अध्यापकांना एक गोष्ट आजच करता येण्याजोगी आहे. उत्तरपत्रिकेतील 'अशुद्ध' हा शेरा सोडून देऊन चूक व्याकरणाची आहे, लेखननियमाची आहे की टंकनाची, हे वेगळे लिहावे. पहिल्या चुकीला कारण विचारावे, दुसरीला नियम दाखवावा, तिसरी दुरुस्त करून घ्यावी. ज्या चुकीचे कारण आपल्यालाच संस्कृत कोश उघडल्यावाचून सांगता येत नाही, तिच्यासाठी विद्यार्थ्याचा गुण कापण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे, याचाही विचार त्या निमित्ताने व्हावा.