डोंगर, सायकल आणि पुढचा ब्रेक

सायकल सपाट रस्त्यासाठीं निर्माण झाली, ही समजूत कॅलिफोर्नियांतील कांहीं तरुणांनीं खोटी ठरविली. जुन्या जड सायकली टेकडीवरून खालीं सोडण्याचा त्यांना छंद लागला आणि १९७६ सालीं त्या उतारावर शर्यतच सुरू झाली. उतरतां उतरतां मागच्या चाकांतील ब्रेक इतका तापे, कीं आंतील वंगणाचा धूर होई व तें पुन्हां भरावें लागे. म्हणून त्या वाटेचें नांवच 'रीपॅक' पडलें. पुढें १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्यें या धुराच्या खेळाला मानाचें पान मिळालें.

पेण-रोह्याकडे सायकलस्वाराची परीक्षा पाहण्यास शर्यतीची गरज नाहीं. वाटच पुरेशी आहे. अवचितगडाच्या पायथ्याच्या रानवाटांवर एका अंगाला करवंदीच्या जाळ्या, तर दुसऱ्या अंगाला उतार. दोहोंपैकीं कोठें पडावें एवढेंच स्वातंत्र्य स्वाराला उरतें.

नवशिका पुढच्या ब्रेकला भितो व सारी भिस्त मागच्यावर ठेवतो. वस्तुतः सायकल थांबूं लागली, कीं भार पुढच्या चाकावर येतो. खरी पकड त्यालाच असते. मागचें हलकें होऊन नुसतें घसरतें. तेव्हां पुढचा ब्रेक वापरावाच लागतो, पण एका बोटानें, हळूहळू, अंग मागें नेऊन व कोपरें सैल ठेवून. तो एकदम आवळला, तर चाक थांबतें आणि स्वार मात्र न्यूटनच्या पहिल्या नियमाला जागून पुढचा प्रवास एकटाच करतो. पडतांना हात पुढें टेकतो व धक्का खांद्यापर्यंत जाऊन गळ्याजवळचें हाड मोडतें. हें हाड सायकलस्वारांच्या फारच परिचयाचें आहे.

वेग दुप्पट झाला, तर थांबण्याचें अंतर चौपट होतें. ताशीं १० किलोमीटरला एका मीटरांत थांबणारी सायकल २० ला चार मीटर घेते. वळणावर आडवी उभी असलेली म्हैस हा हिशेब जाणत नाहीं. आणि तिला तो शिकविण्याची ती वेळहि नव्हे.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. दृष्टि जिकडे, चाक तिकडे. धोंड्याकडे टक लावून पाहणारा नेमका त्यावरच जातो. पाहावें तें धोंड्याशेजारच्या मोकळ्या जागेकडे. पावसाळ्यांत काळ्या दगडावर शेवाळ धरतें, तेथें ब्रेकहि नको व वळणहि नको. वेग आधींच कमी करून सरळ निघून जावें.

भातखाचराच्या बांधावर मात्र कौशल्य दाखवूं नये. बांध फुटला, तर खाचरांतील पाणी वाहून जातें आणि शेतकऱ्याची लावणी धोक्यांत येते. तेथें उतरून चालावें. शक्य तर वळसाच घ्यावा. चढावर सायकल हातांत धरून चालण्याचीहि लाज नको. देशभर पायीं हिंडलेल्या विनोबांचा जन्म १८९५ सालीं याच पेण तालुक्यांतील गागोद्यास झाला होता.