दुधातले न दिसणारे विष

पावसाळ्यात देहूच्या इंद्रायणीकाठची ओली हवा पेंडीला लागली की तिला बुरशी धरते. ती पेंड गाईला घालू नका! बुरशीतले अफ्लाटॉक्सिन दुधात उतरते, उकळूनही जात नाही. आपलीच पोरे ते पितात. यकृताला ते घातक.

२०१८ च्या देशव्यापी पाहणीत ६,४३२ पैकी ३६८ नमुन्यांत ते मर्यादेबाहेर निघाले. मर्यादा किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम. नाकाला, जिभेला कळणार कसे? कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेने त्यासाठी स्वस्त जैविक चाचणी शोधली. तिच्यातले सूक्ष्म बीजाणू विषारी दुधात उगवत नाहीत, म्हणून रंग बदलत नाही. अशी तपासणी संकलन केंद्रावर मागा.

तोवर पेंड फळीवर, कोरडी ठेवा. बुरशीची पेंड बंद केली, की चार-पाच दिवसांत दूध निवळते.