अक्काच्या व्हिसाची मुलाखत

लग्न खरे की खोटे, असा प्रश्न आपल्याकडे सहसा कोणी कोणाला विचारीत नाही. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, पंगत उठली की लग्न लागले. ज्यांनी अक्षता टाकल्या ते सारे साक्षीदार. माझ्या थोरल्या बहिणीला मात्र आपले लग्न खरे आहे हे एका परक्या माणसापुढे, काचेच्या खिडकीशी उभे राहून, शपथेवर सांगावे लागले. त्या मुलाखतीची तयारी आमच्या घरी वर्षभर चालली होती. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटीच, त्यामुळे त्या कागदांचा सगळा संसार माझ्याकडे आला. आता आपल्या महाविद्यालयातल्या मैत्रिणींच्या घरीही परदेशातली स्थळे येऊ लागली आहेत, म्हणून हे लिहीत आहे. ‘नावं घालू नको, बाकी खुशाल लिही,’ असे अक्काने फोनवर सांगितले आहे.

अक्काचे लग्न डिसेंबर २०२२ मध्ये झाले. दाजी मूळचे आमच्या शेजारच्याच तालुक्यातले, पण आता अमेरिकेचे नागरिक. न्यू जर्सीत नोकरीला. लग्नानंतर पंधरा दिवसांत ते परत गेले आणि अक्का माहेरीच राहिली. पुढचे काम कसे चालते हे आम्हांला कोणालाच ठाऊक नव्हते. पहिला अर्ज बायकोने नव्हे, नवऱ्याने करायचा असतो, एवढे कळायलाच आमचा महिना गेला! ‘आय-१३०’ नावाचा हा अर्ज दाजींनी तिकडच्या इमिग्रेशन खात्याकडे केला. तो मंजूर झाला की प्रकरण न्यू हॅम्पशायर राज्यातल्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. तेथे ३२५ आणि १२० डॉलर अशी दोन शुल्के भरायची, मग पत्नीने ‘डीएस-२६०’ हा लांबलचक अर्ज संगणकावर भरायचा, कागद चढवायचे आणि शेवटी मुंबईच्या वाणिज्य दूतावासाकडून मुलाखतीची तारीख यायची वाट पाहायची. अमेरिकी नागरिकाच्या पत्नीला वार्षिक संख्येची मर्यादा लागू नाही. नवरा नुसता ग्रीन कार्डवाला असेल तर मात्र रांगेत थांबावे लागते. मर्यादा नसूनही आमची दोन वर्षे गेली.

त्या दोन वर्षांचा एक फायदा झाला. अमेरिकेत १९८६ साली लग्नातील फसवणुकीविरुद्ध एक कायदा झाला. त्यानुसार देशात पाऊल ठेवताना लग्नाला दोन वर्षे झालेली नसतील तर पत्नीला दोनच वर्षांचे सशर्त कार्ड मिळते, आणि ते संपण्यापूर्वीच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून पुन्हा अर्ज करून लग्न टिकून आहे हे दाखवावे लागते. दोन वर्षे उलटली असतील तर एकदम दहा वर्षांचे कार्ड. आई म्हणाली, ‘म्हणजे उशिराचंबी कायतरी चांगलं असतंय.’

सर्व कागदांत मला सर्वांत विलक्षण वाटला तो ‘आय-८६४’. हे नवऱ्याने सरकारला लिहून दिलेले निर्वाहाचे हमीपत्र. त्याचे उत्पन्न तिकडच्या दारिद्र्यरेषेच्या निदान १२५ टक्के असले पाहिजे, आणि पत्नी निराधार होऊन सरकारवर ओझे पडणार नाही याची जबाबदारी तो घेतो. ही हमी साधारणपणे पत्नी नागरिक होईपर्यंत किंवा तिच्या खात्यावर कामाच्या चाळीस तिमाह्या, म्हणजे सुमारे दहा वर्षे, जमेपर्यंत चालते. घटस्फोट झाला तरी ती सुटत नाही. हे वाक्य मी अण्णांना तीन वेळा वाचून दाखवले. अण्णा सातवीपर्यंत शिकलेले. ते म्हणाले, ‘याचा एक झेरॉक्स मला दे.’ तो त्यांनी सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवला.

बाकीचे कागद कष्टाचे असले तरी अवघड नव्हते. पोलिसांचा दाखला पासपोर्ट कार्यालयाकडून मिळतो. त्यासाठी ठाण्यातून शिपाई घरी आला, चहा घेऊन गेला. विवाह नोंदणी ग्रामपंचायतीत लगेच केली होती ते बरे झाले. जन्मदाखल्याची धास्ती होती, पण अक्काचा जन्म ग्रामीण रुग्णालयात झाल्यामुळे नोंद सापडली. शाळेच्या दाखल्यावर मात्र १ जून. (आपल्या प्राध्यापकवृंदापैकी किती जणांचा वाढदिवस १ जूनला येतो, हे एकदा पाहायला हवे. गुरुजींनी प्रवेशाच्या घाईत घातलेल्या तारखांची ही पुण्याई!) सुदैवाने पासपोर्ट जन्मदाखल्यावरून काढला होता. ज्यांच्या दोन कागदांवर दोन तारखा असतील त्यांनी मुलाखतीच्या पुष्कळ आधी जागे व्हावे. नावाचेही तसेच. अक्काचे सासरचे नाव बदलले आहे, पासपोर्टवर माहेरचे आहे. पासपोर्टवरचेच नाव अर्जात लिहायचे आणि ‘वापरलेली इतर नावे’ या रकान्यात दुसरे द्यायचे, एवढे केले की भागते.

आता खरी गोष्ट सांगते. दाजींचे हे दुसरे लग्न. बघायला आले त्याच दिवशी त्यांनी अक्काला आणि अण्णांना ते सांगितले होते, काहीच लपवले नाही. लपवले ते आम्ही. गावात, भावकीत कोणाला कळू नये म्हणून लग्न दारातल्या मांडवात, चाळीस-पन्नास माणसांत उरकले. ना वरात, ना वाजंत्री, फोटोही मोजकेच.

तालुक्याच्या गावी व्हिसाची कामे करणारा एक माणूस आहे. त्याने बरेच पैसे घेऊन अक्काला साठ प्रश्नोत्तरांचे झेरॉक्स बाड दिले. नवऱ्याचा आवडता रंग कोणता, आवडती भाजी कोणती, असे प्रश्न. उत्तरे पाठ करायची. पहिल्या लग्नाबद्दल त्याने सांगितले, ‘विचारलं नाही तर बोलू नका. विचारलंच तर पहिलंच लग्न म्हणा. दुसरेपणाचं म्हटलं की संशय घेतात.’ अण्णांना हे पटले. गावाला जे सांगितले तेच साहेबाला सांगायचे, यात त्यांना वावगे वाटले नाही.

मला मात्र शंका आली. दाजींकडून आय-१३० ची प्रत मागवली आणि एका रात्री शब्दकोश घेऊन बसले. अर्जातच अर्जदाराच्या आधीच्या लग्नाचा रकाना आहे, आणि सोबत तिकडच्या न्यायालयाचा घटस्फोटाचा हुकूम जोडलेला. म्हणजे ‘पहिलेच लग्न’ असे अक्का म्हणाली असती तेव्हा खरे काय ते साहेबाच्या टेबलावर आधीपासून पडलेले असते! व्हिसासाठी महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगितली तर त्या माणसाला अमेरिकेचे दार कायमचे बंद होऊ शकते. सवलतीचा अर्ज करता येतो, पण ती मिळेलच असे नाही. लग्नच खोटे ठरवले गेले तर पुढे कोणाच्याही नात्याने केलेला अर्ज मंजूर होत नाही. त्या एका शिकवलेल्या वाक्याने अक्काचा संसार सुरू होण्याआधीच बुडाला असता.

त्याच अर्जात मला आणखी काही दिसले. पहिले लग्न २०१४, नागरिकत्व २०१९, घटस्फोट २०२०. पहिली पत्नी तिकडची नागरिक होती. नागरिकाशी लग्न झालेल्याला ग्रीन कार्डानंतर तीन वर्षांतच नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो, एरवी पाच वर्षे लागतात, हे मी तोवर वाचले होते. या तीन तारखा एकाखाली एक लिहिल्यावर माझ्या मनात जो विचार आला तोच मुंबईच्या साहेबाच्या मनात येणार हे उघड होते. नागरिकत्वासाठीच ते लग्न केले असेल का? आणि तसे असेल तर या लग्नाचे काय?

दोन दिवस मी कोणाला बोलले नाही. शेवटी तारखांचा कागद अक्काच्या हातात दिला. ती वाचून उठली, फोन घेऊन गच्चीवर गेली आणि तासाभराने खाली आली. ‘विचारलं. सांगितलं त्यांनी,’ एवढेच म्हणाली. दुसऱ्या दिवशी दाजींनी स्वतःहून पहिल्या संसाराचे कागद पाठवले: दोघांच्या नावाचा घरभाड्याचा करार, एकत्र भरलेले आयकर, पाच वर्षे एकाच पत्त्यावर राहिल्याचे पुरावे. अण्णा ते बघत बराच वेळ बसले. मला वाटते, स्थळ ठरवताना जे त्यांनी विचारायला हवे होते आणि संकोचाने विचारले नाही, ते त्या दिवशी त्यांना मिळाले.

त्यानंतर ते बाड बाजूला टाकले. तयारी म्हणजे एवढेच उरले की कागद काय म्हणतात ते अक्काला ठाऊक असावे आणि जे ठाऊक आहे ते तिने न लाजता बोलावे. रोज जेवणानंतर मी साहेब व्हायची. सुरुवातीला ‘घटस्फोट’ शब्द आला की अक्काचा आवाज खाली जाई आणि आई दार लावून घेई. शेजारी ऐकतील ना! महिन्याभराने आईने दार लावायचे सोडले.

राज्यशास्त्राच्या सरांशी या विषयावर बोलणे झाले तेव्हा त्यांनी ब्रिटनची गोष्ट सांगितली. तिकडे १९८० च्या दशकात असा नियम होता की लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये प्रवेश मिळवणे हा नाही, हे जोडप्याने सिद्ध करायचे. म्हणजे लग्न खरे असले तरी हेतू संशयास्पद ठरवून नाकारता येई. आईबापांनी ठरवलेल्या लग्नांना, म्हणजे आपल्याच उपखंडातल्या लोकांना, त्याचा फटका बसला. १९९७ साली तो नियम रद्द झाला. अमेरिकेचा नियम इतका आडवळणाचा नाही. पण लग्न खरे असल्याचे पटवून देण्याचा भार अर्जदारावरच असतो. घाईचे लग्न, वयातले अंतर, थोडी माणसे, थोडे फोटो यांनी संशय वाढतो. आमच्याकडे यांतले जवळजवळ सगळेच होते. म्हणून दाजींच्या तिन्ही फेऱ्यांची तिकिटे, रोजच्या फोनची नोंद, अक्काच्या खात्यावर आलेले पैसे, विम्यावर लावलेले तिचे नाव, असे सारे तारखेप्रमाणे लावले. वाजंत्रीचे पैसे वाचवले ते असे झेरॉक्सवर गेले.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मुलाखत आली. आधी काही दिवस नेमून दिलेल्या डॉक्टरांकडे तपासणी, छातीचा एक्स-रे आणि राहिलेल्या लसी झाल्या. आम्ही डोंबिवलीला मामाकडे उतरलो होतो. त्या दिवशी पहाटेची लोकल पकडून कुर्ल्याला उतरलो आणि रिक्षाने वांद्रे-कुर्ला संकुलात गेलो. आत मोबाइल नेता येत नाही. अक्का फाइल घेऊन एकटीच गेली. अण्णा आणि मी रस्त्यापलीकडे उभे. अडीच तासांत अण्णा एक शब्द बोलले नाहीत.

आतले अक्काने सांगितले ते असे. आधी एका खिडकीवर कागद तपासले, मग बोटांचे ठसे झाले. नंतर गोरा, तरुण साहेब. शेजारी मराठी बोलणाऱ्या बाई. उजवा हात वर करून शपथ झाली. पहिले प्रश्न सोपे होते: स्थळ कोणी आणले, नवरा काय करतो, घरात कोण कोण. मग त्याने विचारले, ‘लग्नाला इतकी कमी माणसे का?’ अक्का म्हणाली, ‘त्यांचं दुसरं लग्न आहे. लोक बोलतील म्हणून वडिलांनी लहान केलं.’ ‘पहिले का मोडले?’ तिने सांगितले. काय ते मीही येथे लिहीत नाही. ‘हे तुम्हांला कधी कळले?’ ‘दुसरं लग्न आहे हे बघायला आले त्या दिवशी. बाकीचं मी नंतर विचारलं.’ साहेबाने बाईंकडून ते शेवटचे वाक्य पुन्हा ऐकून घेतले. आवडता रंग कोणी विचारला नाही. मागे रांगेत माणसे होती, त्यांना सगळे ऐकू जात होते, पण तिथे आपल्या गावचे कोण होते, असे अक्का म्हणाली.

व्हिसा त्याच दिवशी मिळाला नाही. हमीपत्राला २०२२ च्या आयकराचा कागद जोडला होता, त्यांना ताजा म्हणजे २०२३ चा हवा होता. तेवढ्यासाठी ‘२२१ (जी)’ असे लिहिलेला छापील कागद हातात दिला. रात्री मी मोबाइलवर प्रकरणाची स्थिती पाहिली तर इंग्रजीत लिहिलेले: ‘रिफ्यूज्ड’. नाकारले! मामीने ताटे वाढली होती, कोणी हात लावला नाही. मी रात्री दोनपर्यंत वाचत बसले तेव्हा उलगडा झाला. कागद अपुरे म्हणून प्रकरण थांबवले तरी कायद्याच्या भाषेत ते नाकारणेच धरतात आणि संगणकावर तोच शब्द दिसतो. मागितलेला कागद दिला की प्रकरण पुढे चालते. मी अण्णांना उठवून सांगितले. ते जागेच होते. ज्यांच्या घरी हा प्रसंग येईल त्यांनी त्या एका शब्दाने हातपाय गाळू नयेत, म्हणून मुद्दाम सविस्तर लिहिले.

दाजींनी तो कागद मागवून पाठवला, आम्ही तो दिला आणि तीन आठवड्यांनी व्हिसा झाला. त्याची मुदत जास्तीत जास्त सहा महिने असते; अक्का एप्रिलमध्ये गेली. कार्डासाठीचे २३५ डॉलरचे शुल्क दाजींनी आधीच भरले होते. कार्ड दहा वर्षांचे आले.

मुलाखतीनंतर लातूरच्या गाडीत आमच्या गावाकडचे एक ओळखीचे गृहस्थ भेटले. ‘काय काय विचारलं हो पोरीला?’ म्हणाले. मी अण्णांकडे पाहिले. अण्णांनी खिडकी थोडी खाली ओढली आणि सांगायला सुरुवात केली, ‘जावयाचं दुसरं लग्न आहे ना, त्यावरच सगळं विचारलं.’

कागदांची यादी आणि फाइल कशी लावली त्याचा नमुना माझ्याजवळ आहे. कोणाला हवा असेल तर दुपारच्या सुट्टीत ग्रंथालयात भेटावे. साठ प्रश्नांचे बाडही आहे, पण ते मी देणार नाही.